थेंबाचा शंभरावा भाग

टाइप वन डायबेटिस असलेल्या एखाद्या लहान मुलाचा इन्सुलिन पंप रात्री किती औषध देतो ते आधी आकड्यात सांगते, कारण हा आकडा डोक्यात बसल्याशिवाय पुढचं काही नीट कळणार नाही. नेहमीचं इन्सुलिन यू-१०० असतं, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट, म्हणजेच १ युनिट बरोबर १० मायक्रोलिटर. अगदी लहान मुलांचा बेसल रेट, म्हणजे दिवसरात्र थोडं थोडं जात राहणाऱ्या इन्सुलिनचा वेग, ताशी ०.०५ युनिट इतका कमी असू शकतो. करा हिशोब, तासाला अर्धा मायक्रोलिटर. सलाइनच्या साध्या सेटमधून पडणारा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा असतो, तर तासाभरात त्या थेंबाचा शंभरावा भाग, आणि तो रात्रभर जात राहायला हवा, मूल कुशीवर वळलं तरी, पंप अंगाखाली दबला तरी, नळीला पीळ पडला तरी.

मी अशा पंपांच्या डिझाइनवर काम करते, मेकॅनिकल बाजूने, म्हणजे मोटर, गिअर, व्हॉल्व्ह, नळ्या हे सगळं. कुणालाही हे सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, अगं पण एवढंसं ढकलता तरी कसं? आणि मला दर वेळी वाटतं की ढकलणं हा आमच्या कामातला त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. ढकलायच्या पद्धती ढिगाने आहेत आणि बऱ्याचशा चालतात. घाम फोडतं ते वेगळंच, पंपाला वाटतंय की मी इतकं औषध दिलं, ते खरंच माणसाच्या शरीरात पोचलं का, हे कळणं. इतक्या हळू वाहणाऱ्या गोष्टीत चूक झाली तरी ती तासन् तास दिसतच नाही, आणि मला आज त्याबद्दलच लिहायचंय.

आधी लॅबमध्ये मोजतो कसं ते सांगते. पंपाची सुई एका छोट्या भांड्यातल्या पाण्यात बुडवायची, भांडं अतिशय संवेदनशील वजनकाट्यावर ठेवायचं आणि वजन कसं वाढतंय ते बघत राहायचं. इन्फ्युजन पंपांसाठीचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयईसी ६०६०१-२-२४, त्यातही मूळ पद्धत हीच, वजन करून मोजायचं. ऐकायला सोपं आहे. पण अर्धा मायक्रोलिटर पाणी म्हणजे अर्धा मिलिग्रॅम, आणि उघड्या भांड्यातून तासाभरात जेवढं पाणी उडून जातं ते यापेक्षा कितीतरी जास्त असतं. म्हणजे पंप अगदी व्यवस्थित चालू असताना काटा मात्र वजन कमी झाल्याचं दाखवतो! म्हणून पाण्यावर तेलाचा पातळ थर द्यायचा, सुईचं टोक तेलाच्या खाली पाण्यात बुडलेलं ठेवायचं. टोक पाण्याच्या वर राहिलं तर तिथे थेंब लटकतो, बराच वेळ फुगत राहतो आणि मग एकदम पडतो, आणि ग्राफवर तुम्हाला पायऱ्या दिसतात, तुम्हाला वाटतं पंपच झटके देतोय. सुई भांड्याच्या काठाला टेकली की गेलं, नळीचा ताण काट्यावर येतो. एसीची झुळूक, कुणी दार जोरात लावलं, शेजारच्या टेबलावर कुणी काही आदळलं, सगळं ग्राफमध्ये दिसतं. टेबल दगडी लागतं, काट्याला झाकण लागतं, आणि खोलीचं तापमान रात्रीसुद्धा हलता कामा नये.

या मोजमापातून एक ग्राफ काढतात त्याला ट्रम्पेट कर्व्ह म्हणतात, कारण दिसतो तसाच, डावीकडे रुंद तोंड आणि उजवीकडे निमुळता होत गेलेला. आडव्या अक्षावर किती वेळाच्या खिडकीतून बघताय ते, उभ्या अक्षावर त्या खिडकीत जास्तीत जास्त किती टक्के चूक सापडली ते. दिवसभराची सरासरी काढली तर जवळपास प्रत्येक पंप छान दिसतो. तासाची खिडकी घेतली की चित्र बदलतं, आणि पंधरा मिनिटांची घेतली की कधीकधी बघवत नाही. त्यामुळे माहितीपत्रकावर 'अचूकता अधिक-उणे ५ टक्के' असं लिहिलेलं असलं की मी लगेच विचारते, किती वेळात? आणि कोणत्या रेटला? हे दोन प्रश्न विचारल्याशिवाय त्या ५ टक्क्यांना काही अर्थ नाही.

आता ढकलायचं कसं. सगळ्यात जुनी आणि अजूनही सगळ्यात जास्त वापरली जाणारी पद्धत म्हणजे सिरिंजच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अर्नोल्ड कॅडिश यांनी पाठीवर बांधायचा पंप बनवला होता, दप्तराएवढा. पुढे १९७० च्या दशकात डीन केमन यांचा ऑटोसिरिंज आला, अंगावर घालून फिरता येईल असा. तेव्हापासून आजपर्यंत कल्पना फारशी बदललेली नाही, छोटी मोटर, तिच्यापुढे गिअरबॉक्स, त्यापुढे बारीक आट्यांचा स्क्रू, आणि स्क्रू फिरला की रिझर्वॉयरमधला, म्हणजे औषध भरलेल्या नळकांड्यातला, रबरी दट्ट्या पुढे सरकतो. समजा रिझर्वॉयरचा आतला व्यास १० मिलिमीटर आहे. तर अर्धा मायक्रोलिटर बाहेर काढायला दट्ट्या किती सरकायला हवा? जेमतेम ६.४ मायक्रॉन, माणसाच्या केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. मोटर तेवढं फिरवेल, त्यात काही विशेष नाही. पण रबर सरकेल का? रबरी सील काचेला किंवा प्लास्टिकला चिकटून बसलेलं असतं, मोटर दाबते, रबर आधी नुसतं वाकतं, जागचं हलत नाही, दाब साठत जातो आणि मग अडकलेला ड्रॉवर ओढताना जसा अचानक बाहेर येतो तसा दट्ट्या एकदम पुढे जातो. म्हणजे चार वेळा मोटर फिरली पण औषध शून्य, आणि पाचव्या वेळेला पाचही वेळचं एकदम. दिवसाचा हिशोब मात्र बरोबर! यावर उपाय म्हणून आत सिलिकॉन तेलाचा पातळ थर देतात, पण तेल जास्त झालं तर ते औषधात उतरतं, कमी झालं तर रबर अडकतं, आणि रिझर्वॉयर महिनोन् महिने कपाटात पडून राहिला की सीलखालून तेल हळूहळू बाजूला होतं. नवा पार्ट टेस्टला पास झाला म्हणून खूश व्हायचं नाही, जुना झालेला पार्ट टेस्टला लावायचा.

मग गिअरमधली ढिलाई. दात आणि दात यांच्यात जी बारीकशी मोकळी जागा असते ती सहा मायक्रॉनच्या हिशोबात प्रचंड असते. म्हणून रिझर्वॉयर बसवल्यावर आधी प्राइम करायचं, म्हणजे सगळी ढिलाई एका बाजूला दाबून टाकायची, नळीतली हवा काढायची, आणि सुईच्या टोकाशी थेंब दिसेपर्यंत थांबायचं. वापरणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, पण त्या थेंबामागे हे सगळं आहे.

दुसरी पद्धत मला मनापासून आवडते ती निटिनॉलच्या तारेची. निटिनॉल म्हणजे निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू, गरम केला की आपल्या मूळ आकाराला परत येतो. बारीक तारेतून करंट सोडला की ती तापते आणि आखडते, करंट बंद केला की गार होऊन परत ताणली जाते, आणि प्रत्येक आखडण्याबरोबर एक दात असलेलं चाक एक घर पुढे जातं. ओम्निपॉड हा अंगाला चिकटवायचा, नळी नसलेला पंप याच तत्त्वावर चालतो, त्याला अमेरिकेत २००५ मध्ये मान्यता मिळाली. यात मोटर नाही, जागा कमी लागते, वजन कमी होतं, हे सगळं आहेच, पण मला यातली खरी सुंदर गोष्ट दुसरीच वाटते. समजा इलेक्ट्रॉनिक्समध्ये बिघाड झाला आणि करंट चालूच राहिला. साध्या डीसी मोटरला असं झालं तर ती फिरतच राहील, रिझर्वॉयर रिकामा होईपर्यंत, आणि २०० युनिट इन्सुलिन एकदम शरीरात गेलं तर माणूस वाचणं कठीण. तारेचं तसं होत नाही. करंट चालू राहिला तर तार आखडते आणि तशीच राहते, चाक एकच घर पुढे जातं, पुढचं घर जायला ती आधी गार व्हावी लागते. म्हणजे बिघाड झाला तरी निकाल एकाच पायरीवर थांबतो, आणि हे कुठल्या सॉफ्टवेअरमुळे नाही, धातूच्या स्वभावामुळे. स्टेपर मोटरचंही थोडं असंच, तिला क्रमाने वेगवेगळे पल्स द्यावे लागतात, एक ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर ती जागच्या जागी अडकून बसते. डिझाइन रिव्ह्यूमध्ये मी नेहमी आधी हेच बघते, मेलेल्या अवस्थेत हा पंप काय करेल. जिवंत असताना तो काय करतो ते सगळेच बघतात.

मग येतात खरोखरचे सूक्ष्म पंप, सिलिकॉनच्या चिपवर कोरलेले. १९८८ मध्ये व्हॅन लिंटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सिलिकॉनमध्ये बनवलेल्या पिएझो पंपाचा पेपर प्रसिद्ध केला आणि या क्षेत्रातले पुष्कळ लोक तिथून मोजायला सुरुवात करतात. पातळ पडदा, त्यावर पिएझो चकती, म्हणजे विजेने आकार बदलणाऱ्या पदार्थाची, व्होल्टेज दिलं की चकती थोडीशी वाकते, पडदा दबतो, आतलं औषध एका व्हॉल्व्हमधून बाहेर, व्होल्टेज काढलं की दुसऱ्या व्हॉल्व्हमधून आत. मोटर नाही, गिअर नाही, रबराचं घर्षण नाही, एका ठोक्याला मायक्रोलिटरचाही छोटासा अंश. कागदावर याच्यासारखं दुसरं काही नाही. पण व्हॉल्व्हही मायक्रॉनमध्ये, आणि काही मायक्रॉनचा एक कण व्हॉल्व्हच्या बैठकीवर येऊन बसला की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, औषध मागे गळतं, आणि पंप मात्र ठोके मोजत राहतो, इतके झाले, इतके झाले. १९९३ मध्ये एरिक आणि योरान स्टेमे यांनी स्वीडनमध्ये व्हॉल्व्हच नसलेला पंप दाखवला, एकीकडे रुंद आणि एकीकडे अरुंद होत जाणाऱ्या वाटा, त्यामुळे एका दिशेला वाहणं जरा सोपं आणि उलट्या दिशेला जरा अवघड. हलणारे भागच कमी, त्यामुळे बिघडायला जागा कमी. पण पंप बंद असताना वाट दोन्ही बाजूंनी उघडीच राहते, आणि औषधाच्या बाबतीत मला तरी ते झेपत नाही. थंड ठेवायच्या चिपसाठी पाणी फिरवायचं असेल तर ठीक, इन्सुलिन किंवा मॉर्फीन असेल तर बंद म्हणजे घट्ट बंदच हवं.

उघड्या वाटेचा धोका किती ते बघा. एक मीटर उंचीच्या पाण्याचा दाब साधारण ९.८ किलोपास्कल होतो, म्हणजे ७३ मिलिमीटर पारा. पंप उंच ठेवला आणि माणूस खाली झोपला तर हा दाब आपोआप मिळतो, कुठलीही मोटर न लावता. मोठ्या सिरिंज पंपांत तर सिरिंजचा दांडा नीट अडकवलेला नसला तर नुसत्या उंचीच्या फरकामुळे औषध वाहून जाऊ शकतं, म्हणून अँटी-सायफन व्हॉल्व्ह लागतो.

एक जुना पंप आहे ज्याच्याबद्दल मी कुणालाही पकडून सांगू शकते. १९७० च्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात पेरी ब्लॅकशिअर, हेन्री बुचवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीरात बसवायचा पंप केला, त्यात बॅटरी नाही, मोटर नाही, काहीही नाही. टायटॅनियमची एक चपटी डबी, आत घड्या घातलेला धातूचा पडदा, म्हणजे बेलो, एका बाजूला औषध आणि दुसऱ्या बाजूला सहज वाफ होणारा फ्लुरोकार्बन द्रव. शरीराचं तापमान ३७ अंश, तर त्या तापमानाला त्या द्रवाच्या वाफेचा दाब ठरलेला, वाफेला जागा कमी असो वा जास्त. तो दाब बेलो दाबत राहतो आणि औषध एका लांबलचक, अतिशय बारीक नळीतून हळूहळू बाहेर पडतं. औषध संपत आलं की त्वचेतून सुई टोचून डबीच्या रबरी तोंडातून औषध भरायचं, आणि भरताना जो जोर लागतो त्यानेच पलीकडच्या वाफेचं परत द्रव होतं. म्हणजे औषध भरणं आणि चार्ज करणं एकाच वेळी! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पानं परत परत उलटून बघितली होती.

पण त्यातही तीच अडचण, पंपाला स्वतःला काही कळत नाही. ताप आला की वाफेचा दाब वाढतो, प्रवाह वाढतो. उंच ठिकाणी गेलं की बाहेरचा हवेचा दाब कमी, शरीरातला दाबही त्याबरोबर कमी, आतली वाफ मात्र तितक्याच जोराने दाबतेय, परत प्रवाह वाढला. डोस बदलायचा तर पंपाचा वेग बदलता येत नाही, भरायच्या औषधाची तीव्रता बदलावी लागते. शिवाय बारीक नळीचं गणित फार कडक आहे, प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्येत फक्त ५ टक्के फरक पडला तर प्रवाहात जवळजवळ २२ टक्के. निम्मी त्रिज्या झाली तर प्रवाह सोळावा हिस्सा. त्यामुळे अशा नळ्या नुसत्या माप बघून लावता येत नाहीत, प्रत्येक नळीतून प्रवाह मोजून बघायचा आणि मग लांबी कापून जुळवायचं. आज पाठीच्या मणक्याजवळच्या द्रवात बॅक्लोफेन (स्नायूंचा ताठरपणा कमी करणारं औषध) किंवा मॉर्फीन सोडणारे जे पंप बसवतात त्यातल्या बऱ्याच जणांत बॅटरी, छोटी मोटर आणि नळी दाबत फिरणारे रोलर असतात, बाहेरून प्रोग्रॅम करता येतात, कारण तिथे डोस बारकाईने बदलावा लागतो आणि बॅक्लोफेन अचानक थांबलं तर जिवावर बेतू शकतं.

आता बुडबुडे. माझ्या मते छोट्या पंपांतला निम्मा त्रास बुडबुड्यांचा आहे. लोकांना भीती वाटते ती हवा शरीरात जाण्याची, पण इन्सुलिन त्वचेखाली जातं, तिथे एवढ्याशा हवेने काही बिघडत नाही. बिघडतं ते असं की नळीत जेवढी हवा तेवढं इन्सुलिन कमी. १० मायक्रोलिटरचा बुडबुडा म्हणजे १ युनिट. आणि पंप ताशी अर्धा मायक्रोलिटर देतोय, तर तो बुडबुडा पूर्ण बाहेर पडायला २० तास लागतील, २० तास त्या मुलाला बेसल इन्सुलिन नाही, आणि पंपाच्या स्क्रीनवर सगळं व्यवस्थित. पिएझो पंपात तर आणखी वाईट, एका ठोक्याचं आकारमान इतकं कमी असतं की चेंबरमध्ये बुडबुडा बसला की पडदा दबतो, बुडबुडा दबतो, पडदा वर येतो, बुडबुडा फुगतो, औषध हलतच नाही. म्हणून चेंबरमध्ये निरुपयोगी जागा शक्य तितकी कमी ठेवायची, ठोका शक्य तितका मोठा.

बुडबुडे येतात कुठून? बऱ्याचदा औषधातूनच. गार द्रवात हवा जास्त विरघळलेली असते, फ्रिजमधलं इन्सुलिन तसंच भरलं की अंगाच्या उबेने ती हवा बाहेर पडते, दोन तासांनी नळीत बारीक मणी दिसायला लागतात. म्हणून भरण्याआधी इन्सुलिन खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं. विमानातही असंच, वर गेल्यावर केबिनचा दाब कमी होतो, आधीचे बुडबुडे फुगतात आणि पुढचं इन्सुलिन ढकलून देतात, न मागितलेला डोस जातो. खाली उतरताना बुडबुडे आकसतात आणि मग काही वेळ डोस कमी पडतो.

आणि अडथळा. हा माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागणारा विषय आहे. एका ओळखीच्या बाईंनी विचारलं होतं, 'ताई, पंपात तर सगळं दिलेलं दाखवतंय, रात्रभर अलार्म पण नाही वाजला, मग सकाळी याची साखर एवढी कशी?' मुलाच्या पोटावरचा सेट काढला तर कॅन्युला, ती त्वचेखाली जाणारी मऊ नळी, मधेच दुमडली होती. आता अलार्म का नाही वाजला ते बघा. पंप अडथळा ओळखतो तो दाबावरून, दाब ठरावीक मर्यादेच्या वर गेला की वाजायचं. पण रबरी दट्ट्या थोडा दबतो, नळी थोडी फुगते, कुठेतरी बुडबुडा असतो तो आकसतो, या सगळ्यांत मिळून औषध साठत जातं. समजा अलार्मपर्यंतचा दाब यायला ५ मायक्रोलिटर साठावं लागतं. मोठ्या माणसाने जेवणाआधी ५ युनिटचा बोलस, म्हणजे एकदम द्यायचा डोस, घेतला तर ते ५० मायक्रोलिटर, दाब चुटकीसरशी वाढतो, अलार्म लगेच. ताशी अर्ध्या मायक्रोलिटरला मात्र तेच ५ मायक्रोलिटर साठायला १० तास. म्हणजे ज्याला सगळ्यात लवकर कळायला हवं, त्या सगळ्यात लहान मुलालाच सगळ्यात उशिरा कळतं! पंपात फक्त झटपट काम करणारं इन्सुलिन असतं, मागे साठा काही नसतो, त्यामुळे पुरवठा थांबल्यावर काही तासांतच रक्तात कीटोन, म्हणजे इन्सुलिनअभावी चरबी जळून तयार होणारी घातक आम्लं, वाढायला लागतात. आणि मधेच मूल कुशीवर वळलं आणि कॅन्युला सरळ झाली तर ते साठलेलं सगळं एकदम आत जातं, अर्धा युनिट, दहा तासांचं बेसल एका दमात.

मग अलार्मची मर्यादा कमी करा ना, असं सगळेच म्हणतात. केली तर नळीवर झोपलं की वाजतो, धावलं की वाजतो, बोलस जरा जोरात गेला की वाजतो. रात्री तीन वेळा उठवलं गेलेलं घर चौथ्या वेळेला न बघताच अलार्म बंद करतं, आणि त्यांना दोष देता येत नाही. खरा उपाय मेकॅनिकलच आहे असं माझं ठाम मत आहे, साठायला जागाच कमी ठेवायची, जाड भिंतीच्या, आखूड नळ्या, किंवा नळीच नाही, कडक प्लास्टिक, आणि दाबाचा सेन्सर सुईच्या शक्य तितका जवळ. याला पैसे लागतात आणि विक्रीच्या पत्रकात यातलं काहीही चमकत नाही, त्यामुळे मीटिंगमध्ये दर वेळी भांडावं लागतं.

औषधाचा स्वतःचाही एक स्वभाव असतो हे मेकॅनिकलवाल्यांना उशिरा कळतं. इन्सुलिन हे प्रोटीन, हवेच्या पृष्ठभागाशी किंवा तेलकट स्वभावाच्या प्लास्टिकशी हलत-डुलत राहिलं, वर अंगाची ऊब मिळाली, की त्याचे रेणू उलगडून एकमेकांना चिकटतात आणि बारीक तंतू तयार होतात. तंतू झाले की ते औषध राहत नाही, वर नळी तुंबवतात ते वेगळंच. त्यात जे जंतुरोधक घालतात, मेटाक्रेसॉल आणि फिनॉल, ते काही प्लास्टिकमध्ये मुरतं. लॅबमध्ये चिप बनवायला सगळ्यांना आवडतं ते मऊ पारदर्शक सिलिकॉन रबर, पीडीएमएस, ते तर छोटे रेणू शोषून घेतं आणि हवाही आरपार जाऊ देतं. पाण्यावर सुंदर चालणारा प्रोटोटाइप इन्सुलिन भरल्यावर आठवड्यात वेगळाच वागतो तो यामुळे. म्हणून मी नव्या मुलांना सांगते, पाण्यावरचे ग्राफ दाखवू नका, खऱ्या औषधावरचे आणा.

सॉफ्टवेअरबद्दल थोडंच बोलते, माझा प्रांत नाही. पण २००५ ते २००९ या पाच वर्षांत अमेरिकेच्या एफडीएकडे, म्हणजे तिथल्या औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेकडे, सगळ्या प्रकारच्या इन्फ्युजन पंपांबद्दल साधारण ५६,००० तक्रारी आल्या होत्या आणि ८७ रिकॉल झाले होते, म्हणजे सदोष पंप परत मागवावे किंवा दुरुस्त करावे लागले होते, मग २०१० मध्ये त्यांनी नियम कडक करायची मोहीमच काढली. त्यातला एक दोष माझ्या कायमचा लक्षात राहिलाय, बटण एकदा दाबलं तरी पंपाने ते दोनदा घ्यायचं. १० च्या जागी १०० होतात अशाने. इतक्या बारकाईने केलेला स्क्रू, गिअर, सील, आणि डोस चुकतो तो बटणाखालच्या पत्र्यामुळे.

हल्ली सगळं लक्ष क्लोज्ड लूपकडे आहे. साखर मोजणारा सेन्सर, मधे अल्गोरिदम, आणि तो पंपाला सांगतो किती द्यायचं. २०१६ मध्ये अमेरिकेत पहिल्या अशा हायब्रिड सिस्टीमला (हायब्रिड, कारण जेवणाचा डोस अजून माणसानेच सांगायचा) मान्यता मिळाली आणि लोकांच्या रात्री खरंच सुसह्य झाल्या, यात वाद नाही. पण यात 'इन्सुलिन ऑन बोर्ड' नावाचा एक हिशोब असतो, शरीरात अजून किती इन्सुलिन काम करायचं शिल्लक आहे याचा, आणि तो हिशोब होतो पंपाला जेवढं द्यायला सांगितलं त्यावरून. दिलेल्यावरून नाही, सांगितलेल्यावरून. कॅन्युला दुमडलेली असताना अल्गोरिदमच्या वहीत इन्सुलिन जमा होत राहतं, शरीरात शून्य. साखर चढते, तो आणखी सांगतो, तेही नळीत अडकतं. पोचलेलं मोजायला प्रवाहाचे सेन्सर आहेत, नळीवर छोटासा हीटर, त्याच्या दोन्ही बाजूंना तापमान मोजायचं, द्रव वाहिला की उष्णता पुढच्या बाजूला सरकते, त्यावरून प्रवाह. मिनिटाला काही नॅनोलिटरपर्यंत मोजता येतं. फक्त तापवायचं ते इन्सुलिनच आहे, तेव्हा किती अंश आणि किती वेळ याला कडक मर्यादा, शिवाय सेन्सर दर तीन दिवसांनी फेकायच्या भागात बसणार, म्हणजे स्वस्तही हवा, आणि अंगाच्या उबेत, घामात, उन्हात त्याचं शून्य हलायला नको.

आमच्याकडे सध्या माझा हट्ट चालू आहे की पंपाने अल्गोरिदमला एक आकडा न देता दोन द्यावेत, किती दिलं असं वाटतंय, आणि त्याबद्दल किती खात्री आहे. दाब हळूहळू चढतोय, मोटरला नेहमीपेक्षा जास्त करंट लागतोय, दट्ट्या मघाशी एकदम सरकला, हे सगळं पंपाला आजही दिसत असतं, अलार्मच्या मर्यादेपर्यंत पोचत नाही म्हणून तो ते फेकून देतो. ते फेकू नका, पुढे पाठवा, खात्री कमी झाली की अल्गोरिदमने डोस वाढवत न बसता आईबापांना सेट बघायला सांगावं. सॉफ्टवेअरच्या टीमला हे पटलंय, टेस्टिंगवाल्यांचा प्रश्न असा की ती खात्री बरोबर आहे हे सिद्ध कसं करायचं. त्यासाठी मुद्दाम दुमडलेल्या, अर्धवट दुमडलेल्या आणि बुडबुडे भरलेल्या सेटचा एक मोठा संच बनवतोय, प्रत्येक सेट वजनकाट्यावर, ताशी अर्ध्या मायक्रोलिटरला, खऱ्या इन्सुलिनवर. ते ग्राफ आले की इथे लिहीनच.